आदी तुमी बसा

अन्याय झाला तो सुगंधा मेटकरी यांच्यावर. यंदा शाळा उघडली त्या सोमवारी, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी. ज्या फाटकात त्या सत्तावीस वर्षं दर जूनमध्ये उभ्या राहिल्या, त्याच फाटकात त्यांना विचारलं गेलं, "आजी, तुम्ही कुणाच्या?" त्याच फाटकात, त्यानंतर जेमतेम दहा मिनिटांनी, दुसरा अन्याय झाला तो रेणुका नावाच्या, आठवीत प्रवेश घेतलेल्या मुलीवर. ती फाटकापर्यंत आली आणि परत गेली. हे लिहीपर्यंत ती शाळेत आलेली नाही.

पत्रक लिहायला शिकले तेव्हा मला सांगितलं होतं की पहिल्या चार ओळींत तीन गोष्टी आल्याच पाहिजेत : कुणावर, केव्हा, कुणी. दोन लिहून झाल्या. तिसरी लिहायला घेतली की हात थांबतो. त्यात शाळेची नवी समिती आहे, तिनं काढलेला नियम आहे, फाटकावरचा पगारी माणूस आहे आणि मी आहे. पत्रकात मी माझं नाव आरोपींच्या यादीत कधी घातलेलं नाही. म्हणून हे पत्रक नाही.

आणखी एक आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी शोध लावल्याच्या थाटात सांगायला नको. मेटकरी बाईंचा मला हेवा वाटत आला आहे. त्यांचा, आणि त्यांनी ज्याला ज्याला जवळ केलं त्या प्रत्येकाचा. आजही वाटतो. हेवा धरून माणसाबद्दल खरं लिहिता येतं का, असं कुणी विचारेल. मला तर वाटतं, ज्याचा हेवा वाटतो त्याच्याकडे आपण जितकं निरखून बघतो तितकं प्रेमाच्या माणसाकडेसुद्धा बघत नाही.

बाई आमच्या हायस्कूलच्या ऑफिसात क्लार्क होत्या. शाळा सात रस्त्यापासून चालत पाच मिनिटांवर. नाव घालत नाही. ज्यांनी बाईंच्या हातचा गूळ खाल्लाय त्यांना ते सांगावं लागत नाही, आणि ज्यांनी खाल्ला नाही त्यांनी आपल्या गल्लीतल्या शाळेचं नाव घालून वाचावं. दाखले, बोनाफाईड, जन्मतारखांचे घोळ हे त्यांचं काम. ते काम त्या बेताचंच करायच्या. जूनमध्ये मागितलेलं बोनाफाईड जुलैत मिळायचं. पेन अंबाड्यात खोचलेलं असायचं आणि दिवसभर त्या ते टेबलावर शोधायच्या. "माजा पेन कुनी नेला ओ?" असं ओरडल्या की खेळाचे सर दाराआड व्हायचे, कारण संशय दर वेळी त्यांच्यावरच यायचा. बाई मूळच्या सांगोल्याकडच्या, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. दहावीचा अभ्यास त्यांनी मेंढरांमागं फिरत केला. "मी मोठ्यानं वाचायची," त्या सांगायच्या. "अर्दं इंग्रजी मेंढरास्नी पाट झालंतं. परीक्षेला त्यास्नी बसवलं असतं तर पयल्या वर्गात आली असती."

शाळा उघडण्याच्या दिवशी मात्र ऑफिसच्या दाराला कुलूप आणि त्यावर त्यांच्या अक्षरातला कागद : ‘आज शाळा सुरू आहे म्हणून ऑफिस बंद आहे.’ मुख्याध्यापक बदलले, कागद बदलला नाही. त्या दिवशी बाई हिरवी इरकल नेसून फाटकात. शेजारी स्टूल, स्टुलावर पितळी तांब्या आणि गुळाचे खडे. आठवीत नव्यानं येणारी मुलं महापालिकेच्या शाळांतून, वस्त्यांतून, गावांतून यायची. सोबत जे कुणी असेल त्याच्या हातावर आधी गूळ, वर पाणी. मग सगळ्यांना घेऊन बाई वर्गात जायच्या, आणि तिथं त्यांचा एकच नियम होता. ज्या बाकावर मूल बसणार, त्या बाकावर आधी त्याच्या आईनं नाहीतर बापानं बसायचं. मूल बाजूला उभं. बाई सांगेपर्यंत पालकानं उठायचं नाही. मग पालक उठायचा आणि मूल त्याच जागेवर बसायचं.

"आदी तुमी बसा." हे वाक्य बाईंना चार भाषांत येत होतं. विणकरांच्या घरच्या तेलुगू आयांना "मुंदु मीरू कूर्चोंडी," अक्कलकोटकडून आलेल्यांना कानडीत "मदल नीव कुंदर्री," आणि बेगमपेठेतल्या अम्मींना "पैले तुम बैठो." त्या चार वाक्यांपलीकडे मराठी सोडून त्यांना एक शब्द येत नव्हता. समोरचा माणूस खूश होऊन पुढं भडाभडा बोलायला लागला, की त्या नुसती मान हलवायच्या. त्या माणसाला वाटायचं, आपलं सगळं कळलं यांना.

हे कशासाठी, असं एकदा मी विचारलं होतं.

"मेंढरू नव्या वाड्यात आपनहून शिरत न्हाय," बाई म्हणाल्या. "थोरली आत गेली, बसली, रवंथ कराय लागली, की कोकरू आपसूक जातं. ढकललंस तर पाय मोडून घेतंय. मानसाचं काय येगळं हाय व्हय?"

एका मुख्याध्यापकांनी हरकत घेतली होती की मोठ्या माणसांच्या वजनानं बाक खिळखिळे होतात. बाई म्हणाल्या, "सर, तुमी सोता बसून बगा की एकदा." सर बसले. बाईंनी त्यांना विचारलं, फळ्यावरचं दिसतं का? सर म्हणाले, नाही, उजेड चमकतोय. दुसऱ्या दिवशी फळा हलवला. बाकांचा विषय परत निघाला नाही.

पण बाईंना देवपण द्यायला मी बसलेली नाही. त्या दिवसावर त्यांची मालकी होती आणि त्यात त्या कुणाला शिरू द्यायच्या नाहीत. एका नव्या शिक्षिकेनं हौसेनं पेढ्यांचा बॉक्स आणला आणि फाटकात उभी राहून वाटायला लागली. बाईंनी तिच्याशी गणपतीपर्यंत अबोला धरला. तिच्या पगारपत्रकावर नावसुद्धा चुकवलं म्हणे. तेव्हा हेवा हा माझा एकटीचा रोग नव्हता. मी तो त्यांच्याच फाटकात घेतला.

मी आठवीत गेले ती एकटी. आमचं घर कुंभारीला, कामगारांच्या घरांत. आई विड्या वळते. त्या सकाळी आदल्या दिवशीच्या विड्या कारखान्यात पोचवायच्या होत्या आणि तिथली रांग कुणाच्या मुलीच्या शाळेसाठी थांबत नाही. बाबा तेव्हा घरी नसायचे, आणि असले तरी नसल्यासारखेच. आईनं वेणी घातली, सहा जणांच्या रिक्षात बसवलं आणि रिक्षावाल्याला बजावलं, "सात रस्त्याला उतरव, पुढं ती विचारत जाईल."

फाटकात बाईंनी विचारलं, "कोन आलंय बरूबर?"

"कुणी नाही."

"कुनी न्हाय म्हंजे? तू आलीस की."

तांब्या खेळाच्या सरांच्या हातात देऊन त्या मला वर्गात घेऊन गेल्या. खिडकीकडची रांग, तिसरा बाक. आणि त्या स्वतःच बसल्या. इरकलीचा घेर सावरून, दोन्ही कोपर बाकावर टेकून. वर्गातल्या सगळ्या आया-बाप्यांना त्यांनी मोठ्यानं सांगितलं, "हिची आई मी हाय आज." मग बाकाच्या कप्प्यात हात घालून बघितला, कुणाचं तरी जुनं च्युइंगम हाताला लागलं, त्या मुलाला न बघता दोन शिव्या घातल्या, खिडकीतून बाहेर काय दिसतं ते मला सांगितलं. बाहेर पंक्चरचं दुकान होतं. मग त्या उठल्या. "बस. गरम हाय अजून."

‘आज’ हा शब्द मी ऐकलाच नाही.

घरी जाऊन मी आईला सांगितलं, शाळेत मला एक आई मिळाली. आईच्या मांडीवर सूप होतं, बोटं चालू होती. ती थांबली नाहीत. "मंचिदी," एवढंच म्हणाली. चांगलं झालं. असं बोलायला मी तेरा वर्षांची होते हे कारण पुरत नाही. पुढं आई महिन्यातून एकदा सहीसाठी शाळेत यायची आणि ऑफिसात बाईंजवळ अर्धा अर्धा तास बसायची. एकदा मी दाराबाहेरून ऐकलं, दोघी खदखदून हसत होत्या. घरी आई हसायची नाही. हसलं की हात थांबतो. त्या दिवशी मला कळेना की नेमकं कुणाचं काय कुणी घेतलंय, पण काहीतरी माझं गेलं होतं एवढं नक्की.

त्याच वर्षीची, त्या पहिल्याच दिवसाची, मंगळवेढ्याकडच्या बापाची गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण ती मी बाईंच्या शेजारी उभी राहून बघितली. मोठा फेटा, खांद्यावर घोंगडं, हातात काठी. त्यांचा पोरगा दाराची चौकट धरून उभा, आत यायला तयार नाही. बाई म्हणाल्या, "मामा, आदी तुमी बसा."

"आमी खाली बसताव. त्यो बाक शिकल्याल्या मानसाचा."

"मग मीबी खालीच बसते."

आणि बाई नव्या इरकलीत फरशीवर बसल्या. मामांची पंचाईत. बाई माणूस खाली बसलेली, आपण उभे. "उटा ओ बाई, काय करतायसा!" असं म्हणत ते घाईघाईनं बाकात शिरले. उंच माणूस. गुडघे कप्प्याखाली गेले ते तिथंच अडकले. पुढं होईनात, मागं होईनात.

"घ्या," मामा म्हणाले, "शाळंनं धरलं मला. चाळीस वरसं चुकवत आलोतो."

सगळ्यात पहिला हसला तो त्यांचा पोरगा. हसत हसतच तो आत आला आणि बापाचे पाय ओढून काढायला लागला. खेळाचे सर, तो, बाई, तिघांनी मिळून मामांना सोडवलं. पोरगा बसला. मामा जाताना दारातून म्हणाले, "ध्येनात ठीव, माजी जागा हाय ती. रिकामी ठिवायची न्हाय."

मी तेव्हाही हसले नव्हते. माझ्या बाकावरून बाई उठून जेमतेम दहा मिनिटं झाली होती, आणि त्या दुसऱ्याच्या पोरासाठी फरशीवर बसल्या होत्या. माझ्यासाठी त्या फरशीवर बसल्या नव्हत्या.

पुढच्या जूनमध्ये मी नववीत होते. पहिला दिवस फक्त आठवीचा, तरी मी साडेनऊलाच गेले. म्हटलं, तांब्या मी धरीन. बाई म्हणाल्या, "तांब्याला हात लावायचा न्हाय. गूळ धर." तेवढ्यावर मी खूश. बाई पहिल्या घोळक्याला घेऊन आत गेल्या. फाटकात मी एकटी.

तेव्हा रिक्षातून अंबिका उतरली. ती आमच्याच तिसऱ्या गल्लीत राहायची, मावशीकडे. चपचपीत तेल, दोन बोटं दुमडून टाके घातलेला गणवेश. आणि सोबत कुणी नाही. मला बघताक्षणी कळलं की यंदाची मी ही आहे. आता बाई हिचा हात धरणार, हिच्या बाकावर बसणार, सगळ्यांना सांगणार की हिची आई मी.

मी म्हटलं, "आईला घेऊन ये. आईशिवाय आत घेत नाहीत."

तिनं विचारलं, "मावशी चालती का?"

"नाही. आईच लागते."

ती वळली आणि सात रस्त्याकडे चालायला लागली. एक मिनिटसुद्धा लागलं नाही. तिला आई नव्हती हे मला माहीत नव्हतं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. माहीत होतं. कुंभारीच्या त्या घरांत सगळ्यांना सगळ्यांचं माहीत असतं.

शाळा सुटायच्या वेळी बाई फाटकात उभ्या राहिल्या आणि नुसतं बघून म्हणाल्या, "कुंभारीचं एक कमी हाय." बोटांवर मोजलं नाही. मेंढरं राखणारे मोजत नाहीत, बघतात. संध्याकाळी त्या स्वतः रिक्षा करून कुंभारीला गेल्या. आमच्या दारावरूनच गेल्या. थांबल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच तासाला त्या अंबिकाचा हात धरून नववीच्या दारात आल्या. "ए, तू ये." कुणी, काय, का, काही विचारलं नाही. आठवीच्या वर्गात नेलं. तीच रांग, तिसरा बाक.

"बस."

मी बसले.

"आज हिची आई तू."

अख्खा वर्ग बघत होता. अंबिका माझ्या शेजारी उभी होती आणि सरळ माझ्या तोंडाकडे बघत होती. मी कप्प्यात बघितलं, खिडकीतून पंक्चरचं दुकान बघितलं, पंख्याची पाती मोजली. बाई उठ म्हणेनात. शेवटी अंबिकाच हळू म्हणाली, "उट की आता. मला बसायचंय."

बाई हसल्या. आणि मला त्या अवस्थेतसुद्धा काय वाटलं, तर हे हसू तिला मिळालं.

बाईंनी तो विषय आयुष्यात परत काढला नाही. अंबिकानंही नाही.

कॉलेज संपल्यावर मी संघटनेत गेले. सातवीनंतर ज्या मुली घरात बसतात त्यांना हायस्कूलच्या फाटकापर्यंत आणायचं हे आमचं काम. मी पत्रकं लिहायची आणि ती चांगली लिहायची, हे मी नम्रपणा न दाखवता सांगते. एक गठ्ठा बाईंना नेऊन दिला. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं.

"लई झ्याक लिवलंय. पर ह्यात निषेद चार जागी हाय आनि ‘या’ एक बी जागी न्हाय."

"काय या?"

"या म्हंजे या. यावा आमच्याकडं. कुनाला बोलवायचं व्हतं न्हवं?"

त्या दिवसापासून त्यांनी माझं नाव निषेधबाई ठेवलं. मी म्हटलं, बाई, नुसता गूळ देऊन व्यवस्था बदलत नाही. त्या म्हणाल्या, "व्हय की. तू बदल. मी तंवर गूळ देते."

पुढच्या उन्हाळ्यात मी कुंभारीत दारोदार फिरत होते. एका घरात भिंतीच्या खिळ्याला माझं पत्रक टोचलेलं दिसलं. छाती भरून आली. जवळ जाऊन बघितलं तर मधोमध तेलकट, तांबूस डाग. त्या घरची बाई म्हणाली, "गुळाचा कागद हाय तो. शाळेतल्या बाईंनी दिल्ता. पोरीला घालायचीय ना तितं, म्हनून ठिवलाय जपून." प्रवेशाची चौकशी करायला येणाऱ्यांना बाई माझ्या पत्रकांत गूळ बांधून देत होत्या. मी सात रस्त्याच्या चौकात उभी राहून वाटलेली पत्रकं त्याच चौकात पायाखाली जायची. गूळ बांधलेली खिळ्याला. इतकी चिडले मी, की त्या घरच्या बाईला पत्रकातलं एक अक्षर वाचून दाखवलं नाही.

आता तो सोमवार.

बाई मेअखेर निवृत्त झाल्या. सुट्टीत झाल्या, त्यामुळे निरोपही नाही. शाळेवर नवी समिती आली होती आणि तिनं स्वागत हाती घेतलं होतं. फाटकावर मोठा फ्लेक्स : ‘भव्य पालक स्वागत सोहळा’. मोबाईलवर नोंदणी केलेल्या पालकांनी पास दाखवून सभागृहात जायचं, तिथं पडद्यावर चित्रफीत. मुलांनी थेट वर्गात. वर्गात पालकांना बंदी. निवडक संघटनांना पाहुणे म्हणून पास दिले होते. माझ्या गळ्यात एक होता.

बाई आल्या. हिरवी इरकल, तांब्या, गुळाची पिशवी. फाटकावरचा माणूस नवा होता. उर्मट नव्हता, हे सांगितलं पाहिजे. "आजी, तुम्ही कुणाच्या?"

"मी? मी हितलीच की."

"पास आहे का?"

"पास न्हाय बाबा. तांब्या हाय."

तो हसला. "बाजूला थांबा आजी, गाड्या येतायत."

बाई वाद न घालता बाहेरच्या कट्ट्यावर बसल्या. भडकले ती मी. मोबाईल काढला आणि रेकॉर्डिंग चालू केलं. ‘या कोण आहेत तुम्हाला माहीत आहे का’ इथपासून सुरुवात केली.

तेवढ्यात रेणुका आणि तिची आई आल्या. मंगळवेढ्याकडच्या, चार शेळ्या विकून यंदाच कुंभारीला कामाला आलेल्या. आईकडे बटणांचा फोन. फाटकावरचा माणूस माझ्याशी बोलता बोलताच त्यांना म्हणाला, "पालक बाहेर, मुलगी आत. जा गं." रेणुकानं आईचा पदर मुठीत धरला तो सोडेना.

"ए बाय, या हितं," बाईंनी हाक मारली. "आदी तुमी बसा." आई कट्ट्यावर टेकली. बाईंनी दोघींच्या हातावर गूळ ठेवला. मग मला म्हणाल्या, "निषेदबाई, तुज्या गळ्यात पास हाय न्हवं? फाटकाच्या आत त्यो बाक हाय बग राखनदाराचा. तितं जाऊन बस जरा. हिला तुला बसल्यालं बगू दे. येती ती."

मी म्हटलं, "थांबा बाई, रेकॉर्डिंग चालू आहे. पुरावा लागतो."

तीन मिनिटं असतील. मी मुद्देसूद बोलले. वळून बघितलं तर कट्ट्यावर बाई एकट्याच.

"गेली," त्या म्हणाल्या. "लई येळ लावलास तू."

तो व्हिडिओ पुष्कळ फिरला. शाबासक्या आल्या. त्यात माझ्या समोरच्या माणसाच्या खांद्यामागं, पदर धरून पाठमोरी जाणारी एक मुलगी दिसते. तिच्याबद्दल मला कुणीही विचारलं नाही.

दुपारच्या एसटीनं बाई भावाकडे, सांगोल्याच्या बाजूला कायमच्या जाणार होत्या. "पर आदी नव्या पेठंत काम हाय," म्हणाल्या. मी तांब्या हातात घेतला, त्यांनी घेऊ दिला. तेरा वर्षांत पहिल्यांदा. गर्दीतून, रिक्षांच्या मधून तो छातीशी धरून चालताना मी मनात ठरवूनही टाकलं की घरी कुठं ठेवायचा.

नव्या पेठेत एका कापड दुकानाच्या वरच्या मजल्यावर अंबिका गणवेश शिवते. दहा मशिनी, निळ्या स्कर्टांचे ढीग, दोऱ्यांचे तुकडे. बाई दारात दिसल्याबरोबर ती मशिनीवरून उठली, पदरानं स्टूल पुसलं आणि म्हणाली, "बाई, आदी तुमी बसा."

बाई बसल्या. आणि काय करावं हे त्यांना कळेना. सत्तावीस वर्षं त्यांनी लोकांना बसवलं, त्यांना असं कुणी बसवलं नव्हतं. हात कुठं ठेवायचे, मांडीवर की गुडघ्यांवर. त्यांनी स्टुलाला खालून चाचपलं. "गरम हाय की गं," असं काहीतरी पुटपुटल्या. डोळे त्यांचेही भरले नाहीत, माझेही नाहीत. मला फक्त भाजल्यासारखं झालं. तीन शब्दांचं काम होतं. मी इतकी वर्षं त्यांच्या मागंमागं फिरले, सकाळी कट्ट्यावर त्या एकट्या बसल्या होत्या तेव्हा पाच हातांवर उभी होते, आणि मला हे सुचलं नाही. हिला सुचलं.

"तांब्या दे तिला," बाई म्हणाल्या.

मी दिला. देताना विचारलंच, "मला का नाही?"

"तुला बोलाय येतं. बोलनाऱ्याच्या हातातलं पानी सांडतंय."

अंबिका हसली. बाईंनी निघायची घाई केली, पत्ता लिहून देते म्हणाल्या आणि पिशवीत, कमरेला, मशिनीवर, सगळीकडे पेन शोधायला लागल्या. "माजा पेन कुनी नेला ओ?" तो अंबाड्यातच होता. मी सांगितलं नाही, अंबिकानंही नाही. निळ्या स्कर्टांच्या ढिगात, दुसऱ्याच्या स्टुलावर बसून पेन शोधणाऱ्या बाई, हे मी त्यांना बघितलेलं शेवटचं.

आता मागणी. निवेदन नाही, सही नाही, व्हिडिओ पुढं पाठवणं तर नाहीच नाही. येत्या गुरुवारी सकाळी साडेदहाला आमच्या शाळेच्या फाटकाबाहेर मी एक बाक आणून ठेवणार आहे. तांब्या अंबिका आणणार आहे. फाटकावरच्या माणसाला समजावण्यात मी या खेपेला वेळ घालवणार नाही. रेणुका आणि तिची आई येणार आहेत, आम्ही दोघी कुंभारीला जाऊन त्यांना घेऊन येणार आहोत. ज्यांच्या आईबापांना बाईंनी कधी काळी बाकावर बसवलं होतं, ते सगळे तुम्ही त्या दिवशी कामाला दांडी मारा. आपापल्या आईला, बापाला, नाहीतर ज्यांनी तुम्हाला शाळेत सोडलं त्या मावशीला सोबत आणा. गुडघे अडकले तर सोडवायला माणसं आहेत. आणि जे आमच्या शाळेचे नाहीत, त्यांनी आपल्या जवळच्या शाळेच्या फाटकात जाऊन कोण पदर धरून बाहेर उभं आहे ते बघा आणि तिथंच बसा.

या. आणि रेणुका यायच्या आत या. आधी तुम्ही बसा.